सिद्रामअप्पांचं ‘व्हेरी’

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं एका बोअरच्या गाडीवर टाका, दुष्काळात गावोगाव फिरवा, एका चुलीजवळ जेवायला बसवा. किस्से आपोआप साचतात. आमच्या गाडीच्या टपावर धुरळा साचायचा तसे. हात लावला की अंगावर येतात.

मी कंप्रेसरवर ऑपरेटर होतो. म्हणून आधीच सांगून ठेवतो, मधे काही विचारायचं असेल तर जरा मोठ्यानं विचारा. नोकरीनं पेन्शन दिली आणि कान ठेवून घेतले. बायको म्हणते, तुम्हाला सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. तिचं अगदीच खोटं नाही, पण तिच्यासमोर मी ते कबूल करत नाही.

तर हे सगळे किस्से एका इंग्रजी शब्दाचे आहेत. ‘व्हेरी’. आता आमच्या भागात जोर द्यायला शब्दांची काय टंचाई होती? ‘लई’ होता, ‘बहुत’ होता, उदगीरकडं कानडीतला ‘भाळ’ होता. पाण्याची टंचाई होती, शब्दांची नव्हती. तरी आमच्या गाडीनं हा परका शब्द उचलला आणि असा वापरला की इंग्रजांनी ऐकला असता तर त्यांनाही नवीन वाटला असता.

शेवटी मी लोखंडे बाईंच्या वसतिगृहावर येणार आहे. रेणापूरच्या अलीकडचं एक गाव, तिथं मुलींचं वसतिगृह. पाणी नाही म्हणून ते बंद करून मुलींना घरी पाठवायचं चाललं होतं, आणि घरी गेलेली मुलगी परत शाळेत येईल असं छातीवर हात ठेवून सांगायला कुणी तयार नव्हतं. तिथं हा शब्द आमच्या ड्रिलर सिद्रामअप्पांच्या गळ्याशी आला. पण आधी तो आला कुठून ते ऐका.

* * *

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा. पाट्यांचा रंग ओला आणि विहिरी कोरड्या, अशी अवस्था. नव्या जिल्ह्याकडं स्वतःची बोअरची गाडी नव्हती, म्हणून नांदेडहून आमची गाडी माणसांसकट उसनी दिली. माणसं म्हणजे तिघं. ड्रिलर सिद्रामअप्पा, उदगीरचे, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि गळ्यात लिंग. ड्रायव्हर खाजाभाई, नांदेडचे, चार पिढ्या तिथंच. आणि मी वसंता, मुदखेडचा.

गाडी नवी आली तेव्हा शिकवायला कंपनीनं मद्रासहून एक इंजिनियर पाठवला होता. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं. आम्हाला तमिळ येत नव्हतं आणि इंग्रजीची तर बोंबच. त्यात कंप्रेसर चालू. ज्यांनी बोअर पडताना जवळून पाहिली नाही त्यांना सांगतो, तिथं शेजारचा माणूस ‘मेलो मेलो’ म्हणून रडला तरी ऐकू येत नाही. तोंड हलताना दिसतं फक्त.

हा गडी ओरडायचा पोटातून. पहिला शब्द कसाबसा पोचायचा. ‘व्हेरी’. दुसरा शब्द कंप्रेसर खाऊन टाकायचा. मग आम्ही त्याच्या चेहऱ्याकडं बघायचो. ‘व्हेरी’ म्हणून दात दिसले तर काम चांगलं झालंय. ‘व्हेरी’ म्हणून कपाळावर हात मारला तर वाईट. आणि एकदा ‘व्हेरी’ म्हणून तो स्वतःच पळत सुटला, तेव्हा आम्हीपण त्याच्यामागं पळालो. हवेचा पाइप निसटला होता.

तो मद्रासला गेला, शब्द राहिला. अप्पांनी तो रीतसर ताब्यात घेतला. “वसंता, ह्यो शबुद आपल्या कामाचा हाय,” म्हणाले. “बाकीचे शबुद मशीन खातंय. ह्यो दगडावानी हाय, जातोय पार.” तेव्हापासून गाडीवर एवढाच शब्द चालायचा, आणि तो ओरडायचा मान अप्पांचा. पुढचं सगळं चेहऱ्यावरून समजून घ्यायचं. रॉड लाव, हवा वाढव, पाय मागं घे, सगळं त्याच एका शब्दात.

* * *

कंप्रेसर बंद झाला तरी अप्पांच्या तोंडातून तो शब्द जायचा नाही.

आमच्यात स्वयंपाक खाजाभाईंकडं. अप्पा माळकऱ्यापेक्षा कडक, म्हणून खाजाभाई गाडीत दोन पातेली ठेवायचे. अप्पांचं वेगळं, लाल दोरा बांधलेलं. त्या पातेल्याला खाजाभाईंनी कधी दुसरं काही लागू दिलं नाही. आम्ही कुणी चुकून हात घातला तर ओरडायचे, “अरे वो अप्पा का है, हात नक्को लगाओ.”

एकदा त्यांनी अप्पांसाठी खिचडी केली आणि बाजूला बसून वाट पाहिली. अप्पांनी एक घास घेतला. “व्हेरी.”

“व्हेरी क्या अप्पा? नमक ज्यादा हुआ?”

“व्हेरी.”

“कम हुआ?”

“व्हेरी, खाजाभाई, व्हेरी.”

खाजाभाईंनी वैतागून स्वतः चाखली. मीठ घालायचंच विसरले होते. अप्पांनी मात्र पातेलं पुसून खाल्लं. मी नंतर विचारलं, तर म्हणाले, “मानूस धुरात बसून आपल्यासाठी करतंय. त्याला काय मीठ मागायचं?”

त्याच खाजाभाईंनी मुलीसाठी देगलूरचा मुलगा पाहिला तेव्हा अप्पांना सोबत नेलं. मुलगा गिरणीत काम करायचा. गिरणी चालू, तिथंच उभ्या उभ्या बोलणं झालं. परत येताना खाजाभाईंनी गाडी चालवत विचारलं, “कैसा है?” अप्पा म्हणाले, “व्हेरी.” पण या वेळी खाजाभाईंना पुरेना. पोरीचा प्रश्न होता. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, “अप्पा, आज पूरा बोलो.”

तेव्हा अप्पा पूर्ण बोलले. “गिरणीच्या आवाजात तुमचं बोलनं त्याला ऐकू येईना. दुसरं पोरगं असतं तर नुसती मान हलवून मोकळं झालं असतं. ह्यो काम टाकून जवळ आला, वाकून कान दिला. द्या पोरगी.”

दिली. आज खाजाभाईंना दवाखान्यात न्यायचं, आणायचं, औषधं आणायची, सगळं तोच जावई करतो. मी भेटायला गेलो की खाजाभाई अजून त्याच्याकडं बोट दाखवतात आणि म्हणतात, “वो देखो, अप्पा का व्हेरी.”

* * *

आता घशाचं सांगतो, कारण ते पुढं लागणार आहे.

कंप्रेसरपुढं कुणी दिवसभर सोडा, घटकाभर जरी ओरडला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा घसा गेलाच. आवाज फुटायचाच नाही. नुसती हवा. हा आमच्या धंद्याचा नियम, याला अपवाद मी पाहिला नाही. अप्पा म्हणून कायम बसलेल्या आवाजात बोलायचे. त्यांच्या खिशात ज्येष्ठमधाचा एक चपटा पत्र्याचा डबा असायचा, आणि सकाळी उठलं की पहिलं काम म्हणजे सगळ्यांपुढं डबा फिरवायचा. आम्ही चहाच्या आधी काडी चघळायचो.

निलंग्याकडच्या एका गावात भरपूर पाणी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांनी आमचा सत्कार ठेवला. टॉवेल, नारळ, हलगी. सरपंच बराच वेळ बोलले. पाण्यावर बोलले, नव्या जिल्ह्यावर बोलले, स्वतःवर बोलले. मग म्हणाले, आता सिद्रामअप्पा दोन शब्द बोलतील.

अप्पांचा घसा पार बसलेला. ते उठले, हात जोडले, सगळ्या गावाकडं एकदा डावीकडून उजवीकडं पाहिलं, आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले, “व्हेरी.” आणि बसले.

टाळ्या थांबेनात. एक म्हातारी पुढं येऊन त्यांची अलाबला घेऊन गेली. सरपंचांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “अप्पाचं शिक्षण कुठवर झालंय हो?”

* * *

पत्की साहेब आले ते याच सुमाराला. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, पहिलीच नोकरी, आणि आमच्या गाडीवर देखरेखीला. शर्ट पांढरा. बोअरच्या गाडीवर पांढरा शर्ट घालून येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आवाज तर इतका बारीक, की कंप्रेसर बंद असतानाही दोनदा विचारावं लागायचं. ते कधी ओरडत नसत. काही सांगायचं असलं तर कंप्रेसर थांबायची वाट बघत बाजूला उभे राहायचे.

पहिल्याच दिवशी अप्पा त्यांना म्हणाले, “साहेब, जागा व्हेरी.”

“व्हेरी काय?”

“व्हेरी.”

“अप्पा, व्हेरी असं एकटं येत नाही. त्याच्या पुढं काहीतरी लागतं. व्हेरी गुड, व्हेरी हार्ड, असं.”

अप्पा जरा विचारात पडले. मग म्हणाले, “पुढचं जमिनीत असतंय साहेब. निघालं म्हंजी लावू.”

मी आणि खाजाभाई गाडीमागं जाऊन हसलो. पण पत्की साहेबांनी हट्ट सोडला नाही. अप्पांनी ‘व्हेरी’ म्हटलं की ते हमखास विचारायचे, “व्हेरी काय?” न चुकता. आणि अप्पा न चुकता उत्तर द्यायचे नाहीत. दोघांचा तो खेळच झाला होता.

साहेब नियमाला मात्र पक्के. दुष्काळाच्या कामात एका बोअरला दोनशे फुटांची मंजुरी. तिथवर पाणी लागलं तर लागलं, नाही तर बंद करायचं, रॉड काढायचे आणि पुढच्या गावाला जायचं. मागं रांग लागलेली असायची, त्यामुळं नियम काही चुकीचा नव्हता. एकदा साहेब नवे असताना गावाच्या रडारडीपुढं त्यांनी एक रॉड जास्तीचा जाऊ दिला. पाणी तर लागलं नाहीच, वर पाणीपुरवठ्याच्या मोठ्या साहेबांनी लातूरला बोलावून सगळ्यांसमोर झाडलं, लेखी मेमो हातात दिला आणि सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर घरी बसा.

त्यानंतर दोनशे म्हणजे दोनशे. गावं पाया पडायची, साहेब थांबवायचे. मग त्या दिवशी जेवायचे नाहीत. खाजाभाई ताट झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी कुत्र्याला घालायचे. त्या काळात नव्या जिल्ह्यातली कुत्री तेवढी सुखात होती.

* * *

मोठ्या साहेबांची कचेरी भाड्याच्या बंगल्यात होती. जिल्हा नवा, इमारत नाही, मग मिळेल ते घर घेतलेलं. मोठ्या साहेबांच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं होतं. ओट्यावर फायली, मांडणीत नकाशे, आणि खुर्चीच्या मागं भिंतीला नळ. पाणीपुरवठ्याची कचेरी, आणि त्या नळाला पाणी नाही. शिपाई सकाळी घरून कळशी आणायचा.

आम्ही तिघं आणि पत्की साहेब एका कामासाठी तिथं उभे होतो. मोठे साहेब अप्पांना म्हणाले, “काय अप्पा, कसं काय वाटतंय आमच्या नव्या जिल्ह्यात?”

अप्पांनी एकदा त्यांच्या डोक्यामागच्या नळाकडं पाहिलं. “व्हेरी,” म्हणाले.

पत्की साहेबांच्या ओठांवर ‘व्हेरी काय’ आलेलं मला दिसलं. मोठे साहेब समोर होते म्हणून त्यांनी ते गिळलं.

तेवढ्यात लोखंडे बाई आत आल्या. हातात पिशवी, पायात धूळ, रेणापूरकडून एसटीनं आलेल्या. त्यांना कुणी बस म्हटलं नाही आणि त्या बसल्याही नाहीत.

“साहेब, माझं वसतिगृह बंद करायचं म्हनून राहिलेत,” त्या म्हणाल्या. “टँकर येतो, न्हाई येतो. पोरी आंघोळी सोडून बसल्यात, त्याचं मी काही म्हनत न्हाई. पण या आठवड्यात पाण्याची सोय झाली न्हाई तर सगळ्यांना घरी धाडा असा हुकूम आलाय.”

“मग सुट्टी समजा बाई,” मोठे साहेब म्हणाले. “पाऊस पडला की येतील परत.”

“न्हाई येत साहेब. मागच्या साली दोघी अशाच पाठवल्या. एकीचं लगीन लागलं, दुसरी बहिणीची लेकरं सांभाळून राहिलीय. वर्गात दोघी पहिल्या-दुसऱ्या होत्या. घरी गेलेली पोरगी कामाला लागते. मग तिला कोन सोडतंय?”

मोठे साहेब वाईट नव्हते, फक्त थकलेले होते. त्यांनी पत्की साहेबांकडं पाहिलं. “उद्या तिथं गाडी लावा. एक बोअर. दोनशे. लागलं तर ठीक, नाहीतर बाईंनी मुली पाठवायच्या. मी स्वतः येतो, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको. आणि पत्की, दोनशे म्हणजे?”

“दोनशे, सर,” पत्की साहेब म्हणाले. मला ते पहिल्यांदाच दुसऱ्यांदा न विचारता ऐकू आलं.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तर वसतिगृहाच्या व्हरांड्यात पत्र्याच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीवर रंगानं नाव. वळकट्या दोरीनं बांधून वर ठेवलेल्या. मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि आमच्या गाडीकडं अशा बघत होत्या की मला खाली उतरावंसं वाटेना.

अप्पांचा एक दंडक होता. पाणी लागायच्या आधी पाण्याबद्दल तो शब्द वापरायचा नाही. जागा व्हेरी म्हणतील, दगड व्हेरी म्हणतील, पण पाणी? त्याबद्दल तोंड बंद. गावाला आशा लावून निघून जायचं पाप त्यांना नको होतं. लोक विचारायचे, ते वर आभाळाकडं बोट दाखवायचे.

त्या दिवशी नारळ फोडताना दोन वेण्यांची एक लहानगी पुढं आली. धीट होती. “आजोबा, पाणी लागंल का?”

अप्पांचं बोट वर जाता जाता थांबलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग व्हरांड्यातल्या पेट्यांकडं पाहिलं.

“व्हेरी,” म्हणाले.

ती पळत बाकीच्या मुलींकडं गेली. खाजाभाईंचा चेहरा उतरला. “अप्पा, ये क्या बोल दिये? नै लगा तो?” अप्पा मशीनकडं वळले. इतक्या गावांत इतकी माणसं पाया पडली होती, तेव्हा हा माणूस बोलला नव्हता, आणि आज एका पोरीपुढं बोलून बसला.

मोठ्या साहेबांची जीप आली. ते पलीकडं लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून, नाकाला रुमाल लावून बसले. मी कंप्रेसर चालू केला.

काळा दगड. रॉडमागून रॉड गेले आणि वर नुसता पांढरा भुगा उडत राहिला. पिठाच्या गिरणीवाल्यासारखे आम्ही सगळे पांढरे झालो. शंभर गेले. दीडशे गेले. ओलाव्याचा पत्ता नाही. लोखंडे बाई मुलींच्या पुढं उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. ती लहानगी अप्पांवर नजर लावून होती.

दोनशे झाले. भुगा कोरडाच.

मोठ्या साहेबांनी झाडाखालून हात वर करून आडवा फिरवला. बंद करा. पत्की साहेबांनी पाहिलं. क्षणभर ते जागचे हलले नाहीत. मग गाडीजवळ आले, अप्पांच्या समोर उभे राहिले आणि ओरडायला लागले. तोंड हे एवढं उघडून, मान ताणून, दोन्ही हात हलवत. आयुष्यात कधी न ओरडलेला माणूस.

अप्पांनी कानाला हात लावला. मग अतिशय नम्रपणे मान झुकवून म्हणाले, “व्हेरी, साहेब!” आणि खाजाभाईंना रॉड लावायची खूण केली.

खाजाभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी खाजाभाईंकडं पाहिलं. त्यांनी रॉड लावला.

पत्की साहेब आणखी जोरात. पाय आपटत होते, मोठ्या साहेबांकडं बोट दाखवत होते. अप्पा त्यांच्या तोंडाकडं नीट बघत होते आणि दर वेळी मान डोलावून म्हणत होते, “व्हेरी!” आणखी एक रॉड गेला. मग साहेब माझ्याकडं आले. माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून, कपाळावर आठ्या घालून ओरडले. मला शब्द ऐकू आला नाही. कंप्रेसरपुढं कुणाला येतो? मी लिव्हरवरचा हात काढला नाही आणि दुसरीकडं बघितलं.

आता मोठे साहेब उठले. अंगानं भारदस्त, नांगरट तुडवत यायला त्यांना वेळ लागत होता. पत्की साहेब परत अप्पांकडं धावले, परत तोंड, परत हात. आमच्याकडचा शेवटचा रॉड लागला होता. त्यानंतर अप्पांनी मनात आणलं असतं तरी लावायला काही नव्हतं.

आधी भुग्याचा रंग बदलला. पांढऱ्याचा राखाडी झाला. मग चिखलाचे शिंतोडे. अप्पांनी डोळे मिटले. आणि मग जे वर आलं ते बांबूएवढं उंच गेलं आणि सगळ्यांच्या अंगावर पडलं. मोठे साहेब नेमके तेव्हाच जवळ पोचले होते. रुमाल, टोपी, सफारी, सगळं गाळानं माखलं.

मी कंप्रेसर बंद केला. कानात शांतता भरली, आणि मग मुलींचा आवाज ऐकू आला. कुणी हसत होत्या, कुणी रडत होत्या, बादल्या आणायला पळत होत्या. लोखंडे बाई तिथंच जमिनीवर बसल्या. बाईंनी काही सांगायच्या आत मोठ्या मुलींनी व्हरांड्यातल्या पेट्या उचलल्या आणि एक एक करून आत नेल्या.

मोठ्या साहेबांनी डोळ्यांवरचा गाळ पुसला. “पत्की, दोनशेला थांबवा म्हणालो होतो.”

पत्की साहेबांनी नुसते हात जोडले. गाळानं माखलेले, धापा टाकत होते.

“हां, ते मी पाहिलं,” मोठे साहेब म्हणाले. “जीव तोडून ओरडत होतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुमचा दोष नाही.” मग आमच्याकडं वळले. “आणि ही तिघं बहिरी.” असं म्हणून ते जीपकडं गेले. जाताना थांबून त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं, हे पण मी पाहिलं.

* * *

आम्ही शाळेच्या पडवीत मुक्काम केला. सकाळी उठलो तर तिघांचेही घसे कामातून गेलेले. खाजाभाई शिवी द्यायला गेले तर नुसती हवा आली. खाजाभाई आणि मी तर दिवसभरात दोनदाच ओरडलो होतो, तेही पाणी उडाल्यावर, कंप्रेसर बंद करायच्या आधी, तरी घसा बसला. नियमच तो.

लोखंडे बाई चहा घेऊन आल्या. सोबत ती दोन वेण्यांची मुलगी, धुतलेले केस, कपबशा सांभाळत. अप्पांनी रोजच्यासारखा ज्येष्ठमधाचा डबा काढला. एक काडी खाजाभाईंना दिली, एक मला. पत्की साहेब पांढरा शर्ट बदलून येऊन आमच्याजवळ बसले. अप्पांनी डबा त्यांच्यापुढं धरला. काल सगळ्यांत जास्त तेच ओरडले होते.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, “साहेब, साखर किती?”

“अर्धा चमचा बाई,” पत्की साहेब म्हणाले. “आणि आलं असेल तर घाला थोडं.”

आवाज नेहमीसारखा. बारीक, पण स्वच्छ. कुठं खरखर नाही.

खाजाभाईंची काडी तोंडातच राहिली. मी साहेबांकडं बघायला लागलो. ते कपातल्या चहाकडं बघत होते. अप्पांनी पुढं केलेला डबा तसाच धरून ठेवला होता. मग सावकाश त्यांनी त्याचं झाकण लावलं आणि तो खिशात परत ठेवला.

“व्हेरी,” अप्पा म्हणाले. आवाज कसला, नुसती हवाच.

पत्की साहेबांनी चहाचा घोट घेतला. या वेळी त्यांनी विचारलं नाही, व्हेरी काय म्हणून.